आंबागडचं खोटं तळं

आमच्या बैठकीत एक जुनं तैलचित्र होतं. वर पडका किल्ला, डोंगराच्या पायथ्याशी निळंशार तळं. ‘गोऱ्या साहेबानं काढलंय,’ असं बाबा पाहुण्यांना ठासून सांगायचे. कचेरीतून आले की खुर्ची ओढून त्या पाण्यासमोर बसायचे. बाबा वारल्यावर चौकट निखळली आणि कापडामागे पेन्सिलीतली अक्षरं दिसली: ‘सोमा पेंटर, आंबागड’. ही गोष्ट १९८२ची. मग मला घरी बसवेना.

नागपूरहून सकाळची पॅसेंजर धरायची, तुमसर रोडला उतरायचं, तुमसर गावातून एसटी. जाणाऱ्यांनो, तुमसरलाच पोटभर खाऊन घ्या; पुढे मला विकत चहाशिवाय काही मिळालं नाही. चित्र चादरीत गुंडाळून काखेत धरलं होतं. एसटी अशी उसळत होती की आता माझीच चौकट निखळते की काय! दिवाळी नुकतीच झालेली, दोन्हीकडे पिवळं धान.

डोंगर हुबेहूब तोच. तळं मात्र कुठेच दिसेना; त्या जागी धानाचं शेत. चहावाल्याला विचारलं.

“या अंगाले तलाव कायले शोधून राहिले, भाऊ? हे तं सोमाजीच्या बापाचं वावर होय. सोमाजीलेच इचारा ना, थे पाहा त्याइचं घर.”

म्हणजे पेंटर जिवंत होता! सत्तरी ओलांडलेले, सडपातळ सोमाजी ओसरीवर बसले होते. जन्मभर त्यांनी नाटकांचे पडदे रंगवले. सूनबाईंनी न विचारता माझ्यापुढे भात आणि लाखोळीची डाळ ठेवली. चित्र उघडलं तसं सोमाजींनी पाण्यावरून बोट फिरवलं.

“साह्यबाले पानी पायजे होतं,” ते म्हणाले. “म्या वावरावर पानी काढलं. बापानं पाह्यलं अन् म्हने, माह्यं वावर बुडवलं तुनं. मंग मरेपर्यंत माह्यासंगं बोलला नाही.”

“पण पाणी काय सुरेख काढलंय तुम्ही!”

“सुरेख हाये. खोटं हाये.” ते उठले आणि आतून रंगाचे डबे घेऊन आले. “अर्ध्या दिवसाचं काम हाये, बाबू. मले तेवढं वावर भरू द्या.”

तळंच गेलं तर बाबांचं काय उरणार?

“चारची एसटी चुकेल,” मी म्हणालो. खरं तर मुक्काम करता आला असता.

सोमाजींनी डब्यांची झाकणं परत लावली. “राहू द्या. तुमच्या बापाचं हाये थे,” म्हणाले आणि एसटीपर्यंत चित्र स्वतः घेऊन आले. मला त्यांच्याकडे बघवेना.

किल्ला चढायचा राहिलाच. तुम्ही गेलात तर जरूर चढा. वरून ते वावर नक्की दिसत असणार.

नवी चौकट करून चित्र पुन्हा भिंतीवर लावलं. लाज वाटत होती, तरी आईला सगळं सांगितलं. ती बाबांची खुर्ची ओढून तळ्यासमोर बसली.

“अर्धाच दिवस मागत होता ना रे?”