दुसऱ्याचं जुनं

जयमालाबाईंच्या घरात कचऱ्याचा डबा आहे, पण त्यात कचरा सापडेल तर शपथ. ग्रामपंचायतीची घंटागाडी वाडीत येते, तेव्हा ड्रायव्हर त्यांच्या दाराशी थांबतसुद्धा नाही. गाडी जराशी हळू करतो, 'काय बाई, आजपण उपासच ना डब्याला?' असं विचारतो आणि हसत पुढं जातो. बाईही हसतात. त्यांना त्यात कमीपणा वाटत नाही.

बोर्ली पंचतनहून एसटीनं वीस मिनिटांवर ही वाडी. बाई जिल्हा परिषदेच्या शाळेत चौतीस वर्षं शिकवून निवृत्त झाल्या. पेन्शन आहे. मुलगा रत्नपाल न्हावा शेवाला कंटेनरच्या कचेरीत चांगल्या जागेवर आहे. म्हणजे नड म्हणाल तर काडीची नाही. तरी तांदळाचं धुवण अळवाला, आंघोळीचं पाणी केळीला, मासळी धुतलेलं पाणी नारळाच्या आळ्यात. भात शिजताना पातेल्यावर झाकण म्हणून पाण्याची थाळी, म्हणजे भांडी धुवायला कोमट पाणी आयतंच मिळालं. नारळाची सोडणं पाणचुलीत, पाणचुलीची राख भांड्यांना. छत्री मोडली की काड्या घेवड्याच्या वेलाला आणि कापडाची बाजाराची पिशवी. साडी विटली की तिचा पडदा, पडदा विरला की पायपुसणं, पायपुसण्याच्या चिंध्या झाल्या की त्या सायकलची चेन पुसायला. शेवटी चिंधीच कंटाळत असेल, बाई कंटाळत नाहीत.

मागे एकदा ग्रामसेवक नारळ-शाल घेऊन त्यांचा सत्कार करायला निघाले होते, पर्यावरण दिनाचा. बाईंनी शाल परत पाठवली. म्हणाल्या, मी पर्यावरण-बिर्यावरण काही करत नाही हो, मला टाकवत नाही एवढंच. ग्रामसेवकांना वाटलं, बाईंचा स्वभाव तिरसट.

आता तिरसट म्हणा नाहीतर काही म्हणा, या घराला आणखी एक नियम होता आणि तो पहिल्याहून कडक. दुसऱ्यानं वापरलेली वस्तू उंबऱ्याच्या आत येत नाही. रत्नपाल सातवीत असताना शाळेतल्या एका गुरुजींनी आपल्या मुलाची सायकल देऊ केली होती, चांगली धडधाकट. बाईंनी हात जोडले आणि पोराला दोन वर्षं चालत पाठवलं, नवी घेईपर्यंत. शेजारच्यांनी जुना फ्रीज देऊ केला तर त्यालाही नको म्हणाल्या. चिंधीला जीव लावणारी ही बाई फुकटच्या फ्रीजला नाक का मुरडते, हे वाडीला कळत नव्हतं. लोक म्हणायचे, पेन्शनची मिजास, दुसरं काय. लोकांचं काय जातंय बोलायला!

यंदा मे महिन्यात बुद्धपौर्णिमेला रत्नपालची मुलगी दीक्षा विहारात सगळ्यांपुढं पंचशील म्हणणार होती आणि त्याचा अर्थही सांगणार होती. दहा वर्षांची पोर. महिनाभर रोज संध्याकाळी फोनवरून आजीनं तिच्याकडून घोकून घेतलं होतं. चार दिवस आधी रत्नपाल तिला घेऊन आला. सून हेमांगी नर्स आहे, तिला रजा मिळाली नाही. आल्या आल्या दीक्षानं बॅग उघडली आणि त्या दिवशी घालायचा फ्रॉक आजीपुढं धरला. पांढराशुभ्र, गळ्याशी बारीक लेस, पाठीवर मोत्यांसारखी बटणं.

बाई स्वतः शिवणाऱ्या. त्यांनी फ्रॉक हातात घेतला, उलटा करून शिवण बघितली, छान आहे म्हणाल्या. मग घेराशी त्यांची बोटं थांबली. तिथं दुमड उसवून सोडल्याची बारीक रेघ होती. नव्या कपड्याला अशी रेघ कशी असेल? त्यांनी विचारलं, कुठं घेतला गं हा.

"घेतला नाही, माझ्या मैत्रिणीचा आहे, प्राप्तीचा," दीक्षा आनंदानं म्हणाली. "तिला आखूड झाला ना!"

बाईंनी फ्रॉक खाटेवर ठेवला आणि हात पदराला पुसला. तो पुसलेला हात दीक्षानं पाहिला. बाईंच्या मात्र ते ध्यानातही आलं नाही, त्या रत्नपालला शोधायला परसात गेल्या.

रत्नपाल बिचारा ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखा आळ्याशी उभा होता. मग सांगू लागला. त्यांच्या उलव्याच्या सोसायटीत दर तीन महिन्यांनी मुलांच्या वस्तूंची देवघेव असते. पोरं वाढतात, कपडे तोकडे होतात, दप्तरं, बूट, खेळणी पडून राहतात. ती सगळी खालच्या हॉलमध्ये मांडायची, ज्याला जे होईल ते त्यानं न्यायचं. मोठ्या साहेबांची मुलंही येतात. त्यात कुणाला काही वाटत नाही. आई, तूच ना काही टाकू देत नाहीस, मग हे तुझंच झालं की, असंही तो म्हणाला.

"तुला काय सांगून वाढवलं होतं मी?" बाई म्हणाल्या. "पोरीला सांगितलंस का ते?"

"नाही सांगितलं. आणि सांगणार नाही." रत्नपाल आईपुढं कधी आवाज चढवत नसे, आताही चढवला नाही. "दहा वर्षांच्या मुलीला काय शिकवू, आई? लाज?"

बाई पाठ फिरवून घरात गेल्या. राग उतरला नाही. रात्री त्या जेवल्या नाहीत आणि सकाळच्या पहिल्या एसटीनं बोर्लीच्या बाजाराला गेल्या. नातीला नवा फ्रॉक घ्यायचा, एक घाव दोन तुकडे.

दुकानदारानं पांढऱ्या फ्रॉकचा ढीग घातला. प्रत्येक फ्रॉक प्लॅस्टिकच्या पिशवीत, आत पुठ्ठा, कॉलरखाली प्लॅस्टिकची पट्टी, जागोजागी टाचण्या, आणि वर दुकानाची आणखी एक पिशवी. कापड हाताला सुळसुळीत, घाम शोषणार नाही असलं. दोन धुण्यांत ही लेस लोंबणार, हे बाईंना बघताक्षणी कळलं. चिंधी म्हणूनसुद्धा ते कापड पुढं कामाचं नव्हतं. त्यांनी तो घेतला. आयुष्यात पहिल्यांदा आपण टाकाऊ वस्तू पैसे मोजून घरी नेतोय, असं त्यांना एसटीत वाटत राहिलं आणि स्वतःचाच राग आला.

घरी दीक्षानं निमूटपणे नवा फ्रॉक घालून दाखवला. गळ्याशी टोचत होता, ती मान वळवत होती, पण टोचतोय म्हणाली नाही. आजी बटणं लावत असताना तिनं खालच्या आवाजात विचारलं,

"आजी, प्राप्ती वाईट आहे का?"

"असं का म्हणतेस?"

"मग तिच्या कपड्याला आपण शिवायचं नाही का? तू हात पुसलास."

बाईंचे हात बटणावरच थांबले. शिवायचं नाही का! हे शब्द या घरात, त्यांच्या नातीच्या तोंडी, आणि तेही त्यांच्याकडूनच शिकलेले. त्या मटकन खाली बसल्या. पोर घाबरली, आजीला पाणी आणू का विचारू लागली. बाईंनी तिला जवळ ओढलं. आणि रत्नपाल जे सांगायला तयार नव्हता, ते सगळं सांगितलं.

त्या चौथीत होत्या. त्यांचे वडील भिकू, त्यांचा बा, त्यांच्या जन्माआधीच छप्पन साली बौद्ध झाला होता. त्या दिवसापासून गावकीची कामं बंद, दारोदार भाकरी मागणं बंद. पण मुलीला अंगभर कपडा नव्हता हेही खरं. आई गावच्या खोतांच्या घरी भात झोडायला जायची. खोतीणबाईंनी एकदा तिला आपल्या मुलीचा जुना फ्रॉक दिला, निळ्या फुलांचा. आईनं तो बाला न सांगता जयमालाला घातला. जयमाला तर अशी खूश, की शाळेत धावतच गेली. खोतांची मुलगी त्याच वर्गात होती. ती उठून म्हणाली, हा माझा आहे, काखेत ठिगळ आहे बघा. आणि वर्ग बघत असताना तिनं जयमालाचा हात धरून वर केला. ठिगळ होतंच. एक मैत्रीण सोडून सगळा वर्ग हसला, गुरुजीसुद्धा.

बा कुणावर ओरडला नाही, आईवरही नाही. त्यानं फ्रॉक स्वतः धुतला, वाळवला, घडी केली आणि खोतांच्या ओट्यावर नेऊन ठेवला. त्यानंतर तो पंधरा दिवस खाडीच्या बांधावर दगड वाहायला गेला, तेव्हा कुठं मांजरपाटाचा नवा फ्रॉक झाला. पंधरा दिवस जयमाला शाळेत गेली नाही. बा म्हणाला, दुसऱ्याचं जुनं आपल्या दारात येणार न्हाय. आणि बाहेरचं जुनं येणार नाही म्हटल्यावर घरातलं जपावंच लागलं. तोच मांजरपाट पुढं दोन भावंडांनी घातला, मग त्याची झबली झाली, मग दुपटी. जयमालाबाईंची सगळी काटकसर तिथनं आली. ग्रामसेवकांना हे कोण सांगणार?

सांगता सांगता त्या रडल्या. साठी उलटलेली बाई नातीपुढं नाक पुसत बसली. मग मुलांचं असतं तसं, दीक्षानं सरळ हिशोबाचं विचारलं,

"मग त्या मुलीनं तुझं काय नेलं?"

"माझं? माझ्याकडे काय होतं न्यायला?"

"असं कसं? आमच्याकडे काहीतरी मांडल्याशिवाय न्यायचंच नसतं," दीक्षा म्हणाली. मग तिनं हळूच कबूल केलं, की आजीनं तिच्यासाठी आपल्या पिवळ्या साडीचा परकर-पोलका शिवला होता, तो तिला फार ढगळ होत होता, म्हणून तिनं तो मांडला. प्राप्तीनं उचलला. आजी रागावेल म्हणून सांगितलं नाही. "प्राप्ती सगळ्यांना सांगते, दीक्षाच्या आजीनं शिवलाय. तिच्या आईनं फोटो पाठवलाय. दाखवू?"

रत्नपालच्या फोनवर फोटो होता. एक काळीसावळी, दात पडलेली मुलगी गिरकी घेत होती आणि परकराचा घेर फुगला होता. कुणाची कोण मुलगी! जात-पात, घरदार काही ठाऊक नाही. बाईंनी फोटो बोटांनी मोठा केला, शिवण बघितली. पोलक्याच्या काखेत त्यांनीच घातलेला चौकोनी तुकडा होता. साडी तिथं कमी पडली होती. हात वर करून गिरकी घेतली की तो स्वच्छ दिसत होता. त्या मुलीला त्याचं काही नव्हतं.

"चांगला बसलाय," बाई एवढंच म्हणाल्या. फोन मात्र त्यांनी बऱ्याच वेळानं परत दिला.

दुसऱ्या दिवशी त्या नवा फ्रॉक परत करायला बोर्लीला गेल्या. दुकानदारानं भिंतीवरची पाटी दाखवली, विकलेला माल परत नाही. बाईंनी वाद घातला, हरल्या आणि फ्रॉक घेऊन परत आल्या. दुपारी प्राप्तीचा फ्रॉक त्यांनी स्वतः धुतला, रात्रीच्या पेजेतली निवळ काढून खळ दिली, सावलीत वाळवला आणि इस्त्री केली. तरी मनातनं बा जात नव्हता. बानं पंधरा दिवस दगड वाहिले ते याचसाठी का, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन काही बोलत नव्हतं, नुसतं इस्त्री फिरवत होतं.

पौर्णिमेला विहार भरला होता. पांढऱ्या साड्या, पांढरे सदरे, बाहेर खिरीचं पातेलं. दीक्षा पुढं उभी होती. जयमालाबाईंच्या शेजारी सखूबाई बसली होती. दोघी एकाच गावच्या, एकाच वाडीत दिलेल्या, आणि चौथीला एकाच वर्गात होत्या. त्या दिवशी त्या वर्गात न हसलेली एकटी सखू. तिनं दीक्षाकडं बघून बाईंना कोपरानं ढोसलं.

"काय ग्वाड दिसतीय. नवा घेतलास व्हय गं? बोर्लीला?"

आजूबाजूच्या दोन-चार बायकांनी माना वळवल्या. हो म्हणायचं आणि मोकळं व्हायचं, इतकं सोपं होतं. कुणी घेर उलटा करून बघणार नव्हतं.

"न्हाय गं सखू," त्या म्हणाल्या, आणि नीट ऐकू जाईल असं म्हणाल्या. "तिच्या मैत्रिणीचा हाय. जुना."

सखूबाई त्यांच्याकडं बघतच राहिली. बायकांनी माना परत पुढं केल्या, त्यांना त्यात विशेष काही वाटलं नाही. सखूबाईला वाटलं. थोड्या वेळानं तिनं अगदी हळू विचारलं,

"भिकूदादा असता तर काय म्हनला असता?"

"रागावला असता," जयमालाबाई म्हणाल्या. डोळे भरून आले होते, त्यांनी ते पुसले नाहीत. "मग त्यानं विचारलं असतं, आपण तिला काय दिलं. आणि आता मला सांगायला काहीतरी हाय."

सखूबाईनं त्यांचा हात आपल्या मांडीवर ओढून घेतला आणि धरून ठेवला. पुढं दीक्षानं हात जोडले आणि विहारातली सगळी माणसं उठून उभी राहिली.