मागच्या डाव्या चाकाचा नट

धायरीत बुद्धभूषण वाघमारे यांचं घर कुणालाही विचारा, "जीपवाले ना?" म्हणून बोट दाखवतील. खडकवासल्याला पाटबंधारे खात्याच्या वर्कशॉपमध्ये या गृहस्थांनी एकतीस वर्षं सरकारी जीपा दुरुस्त केल्या. निवृत्त झाल्यावर माणसं सकाळी बागेत फिरायला जातात, हास्यक्लब काढतात. यांनी घरामागे पत्र्याची शेड घातली आणि स्वतःच्या जीपा गोळा करायला घेतल्या. म्हणजे एवढ्या वर्षांत हौस भागलीच नव्हती म्हणायची. लष्कराच्या लिलावातली एक जोंगा जीप आणली. मग १९५४ सालची विलीज मिळाली, ती तर सासवडजवळ एका पोल्ट्रीत. तिच्या सीटवर कोंबड्या अंडी घालत होत्या.

त्यांची काम करायची रीत सगळ्यांहून वेगळी. हल्लीची मंडळी गाडी खोलताना प्रत्येक भागाचा मोबाइलवर फोटो काढतात, नटबोल्ट पिशव्यांत भरतात, वर नावं लिहितात. वाघमारे हे बघून म्हणायचे, "फोटो कशाला काढताय? लग्नाचा अल्बम करायचाय?" त्यांनी अख्खी जोंगा खोलून जमिनीवर पसरली होती, वर्षभर तशीच ठेवली आणि एक वॉशर उरू न देता परत जोडली. सगळं डोक्यात. जीपक्लबातले निम्मे लोक अडलं की त्यांना फोन करायचे. याची त्यांना घमेंड होती, आणि ती ते लपवतही नसत.

ती घमेंड गेल्या पावसाळ्यात राजाराम पुलाच्या चौकात संपली. नाना पेठेतून बेअरिंग घेऊन ते स्कूटरवर घरी निघाले होते. सिग्नल हिरवा झाला आणि घर कुठल्या बाजूला आहे तेच त्यांना समजेना. चौक ओळखीचा, दुकानं ओळखीची, पण जायचं कुठे? मागून हॉर्न, शिव्या. कशीबशी स्कूटर कडेला घेतली आणि ते वीस मिनिटं तिथे घाम पुसत उभे राहिले. शेवटी धायरीची पाटी लावलेली बस दिसली, तिच्या मागोमाग ते घरी पोचले. बायकोला, दीपमालाबाईंना, सांगितलं की ट्रॅफिक होतं.

तेव्हापासून ही भीती त्यांच्या छातीवर बसली ती बसलीच. गुडघा दुखतो म्हणून त्यांनी गाडी चालवणं सोडलं. गुडघ्याला काहीही झालेलं नव्हतं. ज्यांनी जन्मात कधी काही लिहून ठेवलं नाही ते आता गुपचूप चिठ्ठ्या लिहू लागले. आज काय करायचं ते ओळीने लिहायचं, काम झालं की ओळीवर रेघ मारायची, चिठ्ठी खिशात दडवायची. कुणाला दिसली तर विचारतील, आणि विचारलं तर काय सांगायचं?

त्या रविवारी क्लबाच्या गाड्या ताम्हिणी घाटात निघाल्या होत्या. विलीज तयार होऊन आठवडा झाला होता, नुसते ब्रेक राहिले होते, तेही शनिवारी उरकले. मुलगी चैताली गाडी चालवणार होती. ती हिंजवडीला नोकरी करते, पण हात बापाचाच. शेजारी दीपमालाबाई, डोक्याला स्कार्फ बांधून. साडेसहाला दोघी हात हलवत गेल्या. वाघमाऱ्यांनी चहा घेतला, आणि कालचा शर्ट धुवायला टाकावा म्हणून खिसा तपासला.

चिठ्ठी निघाली. आठ ओळी. सात ओळींवर रेघ होती. आठवी ओळ तशीच: मागचं डावं चाक, ब्रेकच्या पाइपचा नट आवळणे.

जुन्या जीपला ब्रेकच्या तेलाची लाइन एकच असते. एक नट सैल राहिला तर सपाट रस्त्यावर काही कळत नाही, पण उतारावर जोरात पाय दाबला की तेल तिथून बाहेर, आणि चारही चाकांचे ब्रेक एकदम जातात. घाटातल्या वळणावर.

ते तसेच अनवाणी शेडमध्ये धावले. सैल नट गळतो, म्हणजे खाली डाग पडायला हवा. डाग होता की! एक नाही, अकरा. सत्तर वर्षांची गाडी, ती सगळीकडूनच गळते. बोटाने पुसून वास घेतला; इंजिनचं तेल की ब्रेकचं, समजेना. पाना बघितला, तो खिळ्याला नीट टांगलेला. म्हणजे वापरून परत टांगला, की काढलाच नाही?

आठव बाबा, आठव. काल दुपारी जेवलो. मग? मग थेट संध्याकाळचा चहा. मधलं काही नाही. नट आवळला की ब्रेकमधली हवा काढावी लागते, आणि ते एकट्याचं काम नव्हे. एकाने वर बसून पेडल दाबायचं, दुसऱ्याने चाकाखाली झोपून हवा सोडायची. म्हणजे काल कुणीतरी पेडलवर बसलेलं असायला हवं. त्यांनी डोळे घट्ट मिटून घेतले. कुणाचाच चेहरा समोर येईना. मग झालेलंच नाही ते काम. नट सैल आहे, आणि माझी दोन माणसं त्या गाडीत आहेत.

चैतालीला फोन लावला. वाजून वाजून बंद. विलीजच्या आवाजात काय ऐकू येणार कपाळ! दीपमालाबाईंना लावला, तर त्यांचा फोन स्वयंपाकघरातच वाजायला लागला. सात वेळा, आठ वेळा चैतालीला लावला. पौड गेलं असेल. मुळशी आलं असेल. क्लबाचा अभय पुढच्या गाडीत होता. त्याच्या नावावर अंगठा नेला आणि थांबला. त्याला काय सांगायचं? वाघमाऱ्याला नट आवळलेला आठवत नाही? दुपारपर्यंत सगळ्या पुण्यात होईल. आणि लगेच त्यांना स्वतःचीच शिसारी आली. बायको-पोर दरीच्या कडेला निघालीत आणि मी नाव जपतोय. ते अंगठा टेकवणार तोच चैतालीचा फोन आला.

"बाबा, नऊ मिस्ड कॉल? मुळशीला चहाला थांबलोय. काय झालं?"

"गाडी हलवू नकोस," वाघमारे म्हणाले. "ते... जरा तेल गळल्यासारखं वाटत होतं."

"ती कायमच गळते. ब्रेक मस्त लागतायत. निघतो आम्ही, सगळे थांबलेत."

"चैताली, नको." त्यांनी शेडच्या खांबाला धरलं. वर्षभर जे दाताखाली दाबून ठेवलं ते आता तोंडातून काढायचं होतं. "मागचा डावा नट. तो आवळला की नाही, मला आठवत नाही. कालचं काहीच आठवत नाही मला. मला हल्ली... राहत नाही गं लक्षात. नट सैल असेल. घाटात जाऊ नका."

पलीकडे कपबशांचा आवाज येत होता. चैताली अगदी हळू म्हणाली, "बाबा, नट आवळलाय."

"तुला काय माहीत?"

"काल दुपारी अडीच तास पेडलवर मीच बसले होते. तुम्ही खाली होतात. दाब म्हटलं की दाबत होते, सोड म्हटलं की सोडत होते. शेवटी मागचा डावा नट आवळलेला तुम्ही मला खाली बोलवून दाखवलात. आपण हसत होतो, बाबा."

अडीच तास. त्यांनी पुन्हा डोळे मिटले, मुलगी वर बसलेली, हसत असलेली बघायचा जीव तोडून प्रयत्न केला. तिथे काही नव्हतं.

"बरं," ते म्हणाले. "मग जा तुम्ही. ब्रेक चांगले आहेत तर खुशाल जा."

"नाही. आई गाडीत बसतेय. आम्ही परत येतोय."

"अगं, पण नट आवळलाय ना? कशाला परत येता?"

"नटासाठी नाही, बाबा," चैताली म्हणाली. "तुम्ही घरातच थांबा. कुठे बाहेर जाऊ नका."