आडनावाचा चौकोन

नव्वदचं दशक संपायला आलं होतं. बारामतीत भाड्याच्या खोल्या आणि विकाऊ जागा दाखवणाऱ्या एका कचेरीत मी नोकरीला होतो. आमच्या शेठनी पुण्यात कुणाची तरी वेबसाइट पाहिली आणि आपलीही हवी म्हणाले. इंटरनेट तेव्हा गावात फारसं कुणाकडं नव्हतं. त्यामुळं आमची वेबसाइट पाहायला लोक आमच्याच कचेरीत येत आणि आमच्याच संगणकासमोर बसत. जगाशी जोडलं जाण्याची ही तऱ्हा मला गमतीची वाटे. पण पान तयार करायचं काम माझ्याकडं आलं आणि मी गंमत करणं थांबवलं.

पानावर सगळ्यात वर शेठचा फोटो, ही शेठची अट. टेलिफोनच्या तारेतून तो वरून खाली सावकाश उतरायचा. आधी फेटा, मग कपाळ, मग चष्मा. मिशा येईपर्यंत गिऱ्हाईक चहा पिऊन परत यायचं. फोटोखालचं सगळं मात्र माझं. वाचणारा माणूस म्हणून शेठ मला ‘गुरुजी’ म्हणत, आणि त्या पदवीला शोभेल असा अर्ज मी बनवला होता. इच्छुकाचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव, मूळ गाव, व्यवसाय. हे चौकोन भरले की मगच खोल्यांची यादी उघडे. एकही रिकामा राहिला तर पान पुढं सरकत नसे. खोली पसंत पडली की आम्ही घरमालकाला फोन करून त्या माणसाचं नाव-गाव कळवायचो. या शिस्तीचं मला फार कौतुक होतं.

दुसरी कचेरी इंदापूरला होती. तिथला संगणक कळंबची एक मुलगी सांभाळायची. माझ्याहून पंधराएक वर्षांनी लहान. शेठनी जाहीर केलं की दिवाळीनंतर पान नव्यानं करायचं आणि दोन्ही कचेऱ्यांचं काम एकाच माणसाच्या हाती द्यायचं. तो माणूस मी, हे मी धरूनच चाललो होतो. मग एकदा शेठ म्हणाले,

“गुरुजी, इंदापूरला खोल्या भराभरा जात्यात. आपल्याकडं लोक येत्यात, पंख्याखाली बसत्यात आन उठून जात्यात. पान तर एकच हाय न्हवं?”

“एकच आहे.”

“मग ती पोरगी करती काय?”

प्रश्न साधा होता, पण शेठनी तो कौतुकानं विचारला. त्या दिवसापासून मी कारणं शोधू लागलो. इंदापूर हमरस्त्यावर आहे, तिथली माणसं घाईत असतात. तिचा संगणक नवा आहे. तिच्याकडं टेलिफोनची तार चांगली असावी. यातलं एकही कारण तिच्या अकलेपाशी जात नव्हतं, आणि ती काळजी मीच घेतली होती. शेवटी तिला मदत करायची असं सांगून मी इंदापूरची एसटी धरली.

मी पोचलो तेव्हा तिच्यासमोर बदली होऊन आलेला एक कंपाउंडर बसला होता.

“माझं नाव…” त्यानं सुरुवात केली.

“नाव मागनं घेऊ. घरात माणसं किती?”

“पाच. आई थकलीय. जिना चढवत नाही तिला.”

“म्हंजी खालचीच खोली बघू. नळ घरात पायजे का दारातला चालंल?”

बोलता बोलता ती माझा अर्ज भरत होती. इच्छुकाचे नाव, टिंब. वडिलांचे नाव, टिंब. आडनाव, टिंब. माझी सगळी कुलपं ती एका टिंबानं उघडत होती. यादी आली, कंपाउंडरनं दोन खोल्या निवडल्या, पत्ते लिहून घेतले आणि आईला घेऊनच बघायला जातो म्हणाला. तिनं घरमालकाला फोन केला तो एवढाच, की खोली बघायला माणसं येतायत.

तो गेल्यावर मी विचारलं, “ही टिंबं कसली?”

“तुमचं पान रिकामं ठिवू देत न्हाय, सर. म्हणून टिंब.”

“पण घरमालक नाव विचारणारच.”

“इचारू दे की. पर दारात उभ्या ऱ्हायलेल्या माणसाला इचारावं लागंल. आपण आडनाव फोनवर सांगितलं, की त्याला सोपं जातं. खोली परवाच दिली म्हणायचं आन फोन ठिवायचा. म्होरं म्हातारी उभी असली, की तेच म्हणायला जड जातं.” मग म्हणाली, “काय जण तरीबी म्हणत्यात. पर सगळ्यास्नी जमत न्हाय.”

“हे तुला कुठं सुचलं?”

“सुचायचं काय त्यात? वडलांच्या बदल्या व्हायच्या. दर गावात आमी असंच घर धुंडलं. आडनाव शेवटी.”

आडनावावरून जात कळते आणि जात कळली की खोली परवाच दिलेली असते, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. समतेवरची पुस्तकं माझ्या फळीवर होती. जयंतीच्या दिवशी मी भाषणही केलं होतं. पण माझं आडनाव ऐकून घरमालक आत वळून चहा टाकायला सांगत. मग तो चौकोन वर असला काय आणि खाली असला काय, मला ते दिसावं कुठून? लाज वाटायला हवी होती. वाटलीही, पण नंतर. आधी वाटला तो हेवा. परतीच्या एसटीत मी एकच गोष्ट घोळवत बसलो, की इतकी साधी गोष्ट आणि ती हिला दिसावी.

दुसऱ्या दिवशी मी शेठना सांगितलं, “ती अर्ज खोटे भरते. नावांच्या जागी टिंबं टाकते.”

“का?”

“ते विचारलं नाही,” मी म्हणालो.

शेठनी तिला बोलावून घेतलं. शेठच्या स्वतःच्याही खोल्या होत्या आणि त्या कुणाला मिळत, कुणाला नाही, हे कचेरीत सगळ्यांना माहीत होतं. इंदापूरला मला सांगितलं तेच ती इथं सांगेल, शेठचा चेहरा उतरेल आणि काम आपोआप माझ्याकडं येईल, असा माझा हिशेब होता.

ती म्हणाली, “शेठ, तुमी कापडाच्या दुकानात गेलासा आन दुकानदारानं कापड दावायच्या आधी तुमच्या बापाचं नाव इचारलं, तर?”

“उठून जाईन.”

“बारामतीत लोक त्येच करत्यात.”

शेठ मोठ्यानं हसले. “ऐकलं का गुरुजी? एवढी बुकं वाचून उपेग काय तुमचा? दिवाळीपास्नं दोन्हीकडचं हीच बघंल. तुमी हिच्या हाताखाली पान करून द्या.”

तिनं माझ्याकडं पाहिलं. खरं कारण मला माहीत होतं आणि मी ते सांगितलं नव्हतं, हे तिला कळलं होतं. शेठसमोर काय बोलायचं आणि काय पोटात ठेवायचं, हेही तिनं घरूनच ठरवून आणलं होतं. हा दुसरा हेवा पहिल्यापेक्षा जड होता.

दिवाळी झाल्यावर आम्ही बारामतीच्या संगणकासमोर शेजारी शेजारी बसलो. घरात माणसं किती, जिना चालेल का, पाणी कुठं, हे वर आलं. नावाचे तिन्ही चौकोन मी उचलून तळाशी नेले.

“वडलांचं नाव काढा, सर. आन आडनावबी.”

“तळाशीसुद्धा नको?”

“नुसतं नाव बास झालं. माणसाला हाक मारण्यापुरतं.”

मी दोन्ही चौकोन पुसले. पान दिसायला एकदम मोकळं झालं. छान झालंय, असं म्हणायला मी तोंड उघडलं आणि तिला विचारलं, इंदापूरची शेवटची एसटी किती वाजता असते.