विचारायचं राहिलं नव्हतं

सुमनताई पाटील समोर आलेली जाडजूड फाइल उघडायच्याच नाहीत. तिच्यावर कोपर टेकायच्या आणि विचारायच्या, “पोराचा तुम्हाला सगळ्यात जास्त वैताग कधी येतो?” डॉक्टरांचे रिपोर्ट कोपराखाली गुदमरायचे, समोरचा बाप घाम पुसायचा.

ठाण्यातल्या विशेष मुलांच्या शाळेत प्रवेशाचं काम त्यांच्याकडे होतं. इतर शाळांत पोर किती हुशार ते सांगायचं. इथे काय जमत नाही ते. त्यावरून गट आणि थेरपी ठरायची. मग निरीक्षणासाठी आठवडाभर मूल आत, पालक बाहेर बाकावर. “इथे फुशारकीला मार्क नाय,” ताई म्हणायच्या. कळव्याच्या जुन्या गाववाल्या, बोलणं थेट अंगावर.

आणि मी? मी डोंबिवलीत शिंकलो तर कल्याणला छपरं उडतात, असं मीच सांगत फिरतो. आमची सात वर्षांची अन्वी बोलत नव्हती. मी म्हणालो, “ती मौनातून बोलते, ताई. अख्खी सोसायटी सल्ला घ्यायला येते.”

“सोसायटीचं राहू दे. पोरीला फिट येते का?”

रिक्षाच्या रांगेत एक जण बोललेला, फिटवाल्या मुलांना कुठेच घेत नाहीत. अन्वीला तोवर तीनदा आलेली. “छे,” मी म्हणालो, “आमच्या घराण्यात चक्करसुद्धा येत नाही कुणाला.” रिपोर्टमधलं ते पान मी घरीच ठेवलेलं. बायको ऑफिसात होती, म्हणून जमलं.

तिसऱ्या दिवशी मी बाकावर चार आयांना सांगत होतो, अन्वीने पिसाळलेला कुत्रा नुसत्या नजरेने कसा बसवला. तेवढ्यात आत, थेरपीच्या झोपाळ्यावर, तिला फिट आली. ताईंनी तिला वरच्यावर झेललं. पोरगी वाचली, ताईंचं मनगट मोडलं. मी आत धावलो, तर दुसऱ्या हाताने तिला कुशीवर वळवत त्या म्हणाल्या, “दादा, आधी आलेली ना? खरं बोल.”

“तीनदा.”

पुढच्या आठवड्यात संस्थेची बैठक बसली. माहिती लपवल्यास प्रवेश रद्द, या ओळीखाली माझी सही होती. अध्यक्षांनी ताईंना विचारलं, “फिटबद्दल पालकांना विचारलं नव्हतं?”

ताईंनी प्लास्टरमधला हात मांडीवर ओढून घेतला. “राहिलं माझ्याकडून.”

मी शेजारच्याच खुर्चीत होतो. झोपेतसुद्धा चालू असणारं माझं तोंड उघडलं नाही.

प्रवेशाचं काम त्यांच्याकडून काढून घेतलं. जिन्यात मी त्यांना गाठलं. “ताई, मी आत जाऊन खरं सांगतो.”

“सांगशील, नि पोरगी घरी बसेल. जा, गोळ्यांच्या वेळा लिहून आण. एक अक्षर वाढवायचं नाय, एक गाळायचं नाय.”

मला सुटल्यासारखं वाटलं. लाज त्याचीच जास्त वाटते.

वर्ष सरता सरता ताईंनी शाळा सोडली. अन्वी तिथेच आहे, आता आपल्या हाताने जेवते. पाहुणे प्रवेशाचा किस्सा मागतात. मी झोपाळा छतापर्यंत नेतो, ताईंना वाघिणीसारखी झेप घ्यायला लावतो. मग कुणीतरी विचारतंच, “पण त्यांनी आधी चौकशी नव्हती केली?”

“राहिलं त्यांच्याकडून,” मी म्हणतो. कालही म्हणालो. अन्वी शेजारी बसून जेवत होती.