वाफेवरची कळी

पहाटेपासून वारा सुटला होता. कोरडाठाक, ओठ फुटावेत आणि दोरीवरची चादर पुठ्ठ्यासारखी ताठ व्हावी असा. घडीमावशीनं खिडकी लोटून घेतली, टेबलावरची जुनी घोंगडी झटकून पुन्हा अंथरली, इस्त्रीचं बटण दाबलं आणि ती तापेपर्यंत तांब्यातलं पाणी हातानं कपड्यांवर शिंपडलं. वरच्या मजल्यावरचे शर्ट, कोपऱ्यावरच्या दवाखान्यातले पांढरे कोट. पहिला कोट टेबलावर पडला, इस्त्री फिरली, चर्र झालं आणि वाफेचा लोट उठून खिडकीच्या काचेवर जाऊन बसला.

काचेखालच्या कट्ट्यावर तिची ऑर्किडं होती. तीही बुटकी, नखाएवढ्या पानांची. कुणी औषधाच्या बाटलीच्या टोपणात, कुणी कान तुटलेल्या कपात, कुणी नुसतं झाडाच्या सालीच्या तुकड्याला दोऱ्यानं बांधलेलं. मावशीचं सगळं माप बटणांत. ह्याचं फूल कोटाच्या बटणाएवढं, त्याचं शर्टाच्या.

खोली एकच. एका अंगाला चूल-भांडी, मध्ये टेबल, भिंतीला खाट. खाटेवर नवरा. एके काळी बस चालवायचा. पाठ गेली तसा खाटेला टेकला तो टेकलाच. पण गाडी काही सोडली नव्हती.

"अगं, डावीकडं घे. मागनं बाही येतीय, दिसत नाही का?"

"हॉर्न वाजवू नका, सिग्नल लागलाय," मावशी म्हणायची आणि कोट उलटा करायची.

झाडं घ्यायला ती रोपवाटिकेत जायची तेव्हा फुललेल्या रांगेकडं बघायचीसुद्धा नाही. मागच्या बाजूला फूल संपलेली, मान टाकलेली रोपं ठेवलेली असत. त्यातलं एकेक उचलून ती मुळं निरखायची. चांदीसारखी करडी, बोटाला टणक लागणारी मुळं असली तर घ्यायचं. तपकिरी, पिचपिचीत असली तर राम राम.

"अहो मावशी, फुलावर आलेलं घ्या की," रोपवाला एकदा म्हणाला.

"फूल बघून एकदा लग्न केलं बाबा. मुळं बघायची राहिली."

रोपवाला इतका हसला की हातातली पाण्याची नळी सुटून त्याचीच चप्पल भिजली. पण त्याला एक कोडं होतं. चांगल्या घरांतल्या, काचेच्या मोठमोठ्या खिडक्यांत ही झाडं वाळून जात, नाहीतर लाडानं पाणी घालघालून कुजत. हिच्या अंधाऱ्या खोलीत कशी तरारतात?

"खिडकीपाशी करता काय तुम्ही?"

"इस्त्री."

"हां! म्हणजे वाफ. अहो, ही ढगात राहणारी झाडं. वाऱ्यातला ओलावा पिऊन जगतात. तुम्ही त्यांना घरबसल्या ढग देताय."

"घर खरं," मावशी म्हणाली. "बसल्या नव्हे, उभ्या."

हीच तर रड होती. लग्न झाल्यापासून ती ह्या टेबलाशी उभी. पायांच्या शिरा दोऱ्यासारख्या फुगून आलेल्या, संध्याकाळी टाचा जमिनीला टेकवत नसत. तिला राजवाडा नको होता. बसून करायचं काम हवं होतं. रस्त्यानं जाताना तिकीटवाली दिसो की दुकानातली गल्ल्यावरची बाई, मावशी आधी तिची खुर्ची बघायची. पाठ आहे का, हात टेकवायला आहे का.

त्या दिवशी कोट न्यायला डॉक्टरीणबाई स्वतः आली.

"मावशी, आमची नंबर देणारी बाई सोडून चाललीय. तुम्ही येता?"

"उभं राहून?"

"छे, खुर्ची आहे. पंखा आहे. आठवडाभर येऊन बघा, मग सांगा."

ती गेल्यावर खाट कुरकुरली. "आणि माझं काय?"

"जेवण झाकून ठेवीन. चहा थर्मासमध्ये. हात लांबवला की झालं."

"मला उठता येत नाही, ठाऊक आहे ना?"

"ठाऊक आहे. म्हणून तर हाताशी ठेवीन म्हणते."

"लोक काय म्हणतील? नवरा लोळतोय आणि बायको खुर्चीत."

मावशीनं इस्त्री उभी केली. सालीवरचं ते सगळ्यांत बारकं ऑर्किड आजवर कधी फुललं नव्हतं. रोपवाल्यानंही त्याची आशा सोडली होती. ह्या खेपेला मात्र त्याला कळी धरली होती, काडेपेटीतल्या काडीच्या गुलाएवढी. तिच्याकडं बोट करून मावशी म्हणाली, "हे बघा. ही कळी उमलली तर मी इथंच, टेबलापाशी. गळली तर खुर्ची धरली. मग एक अक्षर बोलायचं नाही."

"झाडावर सोपवतेस?"

"माणसांवर सोपवून बघितलं."

"बरं. बोली म्हणजे बोली."

पैज दिसायला सरळ होती, पण मावशीला आतली गोम ठाऊक होती. ती आठवडाभर दवाखान्यात, म्हणजे इस्त्री बंद. इस्त्री बंद म्हणजे वाफ बंद. असल्या वाऱ्यात कळी चार दिवस काढायची नाही. पिवळी पडेल, गळेल, दोष वाऱ्याचा. सासर, संसार, नवरा, कुणालाच झटकून टाकल्याचं पाप नको.

खुर्चीला पाठ होती, हात होते. पहिल्या दिवशी बसून बसून कंबर धरली तेव्हा मावशी स्वतःशीच हसली. हे दुखणंसुद्धा नवंकोरं होतं! हातांना मात्र चैन पडेना. एका आजीबाईंचा रुमाल खाली पडला तो तिनं चौकोनी घडी करून परत दिला. "राहू द्या हो मावशी, इथं इस्त्री नाही," कंपाउंडर म्हणाला आणि बाकावरचे तापकरी हसले. घरी परतताना टाचा जमिनीला टेकत होत्या. नीट, पूर्ण.

घरी आल्याबरोबर ती आधी खिडकीशी जायची. कळी होती. दुसऱ्या दिवशीही होती. उलट जरा फुगलेली.

'गळ ना बाई,' मावशी मनात म्हणाली आणि तिचं तिलाच कसंसं झालं. जिची इतकी वाट बघितली तिलाच जा म्हणायचं! तरी सकाळी निघताना तिनं खिडकी सताड उघडी टाकली. येऊ दे वारा आत, जाऊ दे एकदाचं.

संध्याकाळी खिडकी बंद.

"वाऱ्यानं लागली असेल," खाटेवरून आवाज आला.

शेवटच्या दिवशी पेशंट कमी होते, डॉक्टरीणबाईनं तिला लवकर सोडलं. दार लोटलं आणि मावशी उंबऱ्यातच थांबली. काचेवर वाफ होती. सालीच्या तुकड्यावर फूल उघडलं होतं. पिवळं, कफाच्या बटणाएवढं, ओठावर तांबडे ठिपके. इतकं नेटकं की डोळे भरून यावेत. भरूनही आले, पण कशानं, ते तिला सांगता आलं नसतं.

कट्ट्यालगत स्टूल होतं. स्टुलावर वाफाळती किटली, बूड काळंठिक्कर. आणि नवऱ्याच्या चपला खाटेखाली नव्हत्या, स्टुलापाशी होत्या.

"अहो, किटली कुणी जाळली?"

नवरा छताकडं बघत होता.

"म्हणजे चालता येतं."

"चालता येत नाही. भिंत धरून जाता येतं."

"भिंत धरून! आणि मी आजवर पाण्याचा पेला तोंडाशी नेते!"

"कळी उमलली ना? बोली म्हणजे बोली."

"लबाड!"

"तू मोठी सरळ! वाफ बंद करून पैज लावलीस. मला काय, खाटेवर पडलो म्हणजे डोकंही पडलं?"

 नवऱ्याचा आवाज खाली आला. "दिवसभर इस्त्री वाजत नाही खोलीत. कसं करमायचं माणसाला?"

"मग रेडिओ लावा."

पण ती फुलाकडं बघत होती. एक दार अजून किलकिलं वाटत होतं. तिनं विचारलं, "मी गेले कामाला, तर रोज ठेवाल किटली? हा आठवडा ठेवलीत तशी?"

त्यानं कूस बदलली, भिंतीकडं तोंड केलं. "रोज कोण ठेवणार?"

 कोपऱ्यात आठवडाभराच्या कोटांचं गाठोडं पडलं होतं. उद्या डॉक्टरीणबाईला कोट द्यायचे आणि त्याबरोबर कामाला येत नसल्याचा निरोपही.

"उद्यापासून चहा तुम्ही करायचा," ती म्हणाली. "भिंत धरून."

 तिनं चपला काढल्या, घोंगडी अंथरली, इस्त्रीचं बटण दाबलं. तांब्यातलं पाणी शिंपडलं. चर्र झालं, काच आणखी धुरकटली आणि फूल त्या धुक्यात दिसेनासं झालं. कोटाची बाही सरळ करून तिनं कफाच्या बटणाभोवती इस्त्रीचं टोक फिरवलं, कोटाची घडी घातली आणि गाठोड्यातून दुसरा ओढला.