भिमाजीच्या रानात आमचा बैल

माझ्या नवऱ्याला राग येत नाही. उपासनेनंतर पाळकसाहेब सगळ्या मंडळीसमोर म्हणतात, "सौम्यता शिकायची तर शांतवनकडून शिका." पाळकसाहेबांचं काय जातंय! त्यांना ह्यांच्याबरोबर संसार करायचा नाही.

लेकीकडे पेठला जाताना एसटीत जागा मिळाली, की ती दुसऱ्याला देऊन हे उभे. कुणी शिवी दिली, की म्हणणार, "दमला असंल." मी दमत नाही का?

अठ्ठ्याण्णव सालच्या रब्बीची गोष्ट. बेल्ह्याच्या बाजारातून आणलेला आमचा एकच बैल, सरदार. गावातल्या संपतकडेही एकच. म्हणून दोघांनी सावड केली होती. दोन बैलांची एक जोडी करायची आणि आळीपाळीने दोघांच्या रानात पेरायचं. हस्ताचा पाऊस बरा झाला, रानाला वाफसा आला. संपतची ज्वारी पेरून झाली होती, आता आमची पाळी. वाफसा काही थांबून राहत नाही. ओल गेली, जमीन आवळली, की वर्षभर विकतची भाकरी.

त्याच सकाळी बांधाशेजारच्या भिमाजीची बायको ठकूबाई दारात आली. त्यांचा एक बैल लंगडत होता. ह्याच भिमाजीने उन्हाळ्यात आमच्या रानाच्या वाटेवर काट्या टाकल्या होत्या. ह्यांनी सरदारचं दावं सोडून तिच्या हातात दिलं.

"अहो, आज आपली पाळी हाय!"

"त्याच्याबी रानाला वाफसा आलाय. उद्या त्याचा बैल आपल्याकडं यील."

"प्रभूनं गाल पुढं करायला सांगितलंय, रान न्हाई!"

"गालाचं सोपं असतं गं," हे म्हणाले आणि चहा मागितला. चहा मी दिला नाही.

तेवढ्यात ठरल्याप्रमाणे संपत आपला बैल घेऊन आला. सरदारला भिमाजीच्या रानात पाहून त्याचं डोकंच फिरलं. सावडीतला बैल तिसऱ्याला द्यायचा तर जोडीदाराला आधी विचारतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. ह्यांना सुचलंच नाही.

"शांतवनभाऊ, तुमी देवमाणूस असाल, पर मला इचारलं का? मोडली सावड!" त्याने बैल वळवला आणि थेट मेव्हण्याच्या रानाकडे निघाला. हे हात जोडून मागे गेले, चुकलं म्हणाले. तो थांबला नाही. आणि खरं सांगते, मला संपतचंच पटलं.

संध्याकाळी सरदार परत आला तो पाठीवर पराणीचे टोचे घेऊन. वर भिमाजीचा निरोप, आमचा बैल दमलाय, उद्या जमायचं नाही. मी पदर खोचून निघाले, तर हे दारात आडवे.

"रूथ, भांडून आणल्याला बैल नको आपल्याला."

"मग काय पायजे तुमाला? उपास?"

हे सरदारच्या पाठीला हळद लावत बसले.

दुसऱ्या दिवशी आम्ही खुरप्याने एकेक दाणा टोकायला घेतला. एवढं मोठं रान आणि माणसं दोन! हे शांतपणे पुढे सरकत होते, मी मनातल्या मनात भांडत. दुपारी मान वर केली, तर पलीकडच्या टोकाला ठकूबाई वाकून ज्वारी टोकत होती. बांधावरून भिमाजी ओरडत होता, "घरला चल म्हणतो ना!" ती ऐकू न आल्यासारखी पुढच्या दाण्याकडे सरकली.

"तिला पाणी दे," हे म्हणाले.

मी तांब्या घेऊन गेले ते चांगलं सुनवायचं ठरवूनच. तिने मातीने भरलेले हात लुगड्याला पुसले, तांब्या घेतला आणि खाली बघत म्हणाली, "आक्का, बैल दमला नव्हता."

अर्धं रान त्या वर्षी पडीक राहणार होतं, हे मला दिसत होतं, आणि तरी मी तिच्या शेजारची ओळ धरली. असला वैताग! ह्या माणसाच्या घरात धड भांडायलासुद्धा कुणी शिल्लक राहत नाही.