कटारमलला उतू गेलेलं दूध

दिल्लीत रथसप्तमीला सूर्य नसतो. म्हणजे असतो कुठेतरी. पण मयूर विहारच्या आमच्या बाल्कनीतून त्या दिवसांत समोरची बिल्डिंगही धड दिसत नसे, तिच्या मागचा सूर्य कुठला दिसायला! तरी सासूबाई दर वर्षी बाल्कनीत रांगोळीने सूर्याचा रथ काढत, यमुनेकाठच्या गवळ्यांकडून आणलेल्या गोवऱ्या पेटवत, त्यावर मातीच्या बोळक्यात दूध ठेवत आणि ते उतू जाईपर्यंत पूर्वेकडच्या धुक्याला हात जोडून बसत. धुरामुळे वरच्या मजल्यावरच्या बाई खोकत खाली यायच्या, मग त्यांचं आणि माझं हिंदीतून कडाक्याचं भांडण व्हायचं. तोही आमच्या सणाचाच भाग होता.

सासरे गेले त्यानंतरच्या रथसप्तमीला दूध उतू गेलं, पण सासूबाईंनी हात जोडले नाहीत. "दर वर्षी कुणाला दाखवतेय मी हे दूध?" त्या म्हणाल्या. "पुढच्या वर्षी सूर्य दिसला तर करीन. नाहीतर बास झालं." हे 'बास' मला आवडलं नाही. सासूबाई बास म्हणणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यानंतर त्यांनी भिशी सोडली, संध्याकाळचं फिरणं सोडलं. एकेक गोष्ट त्या हातावेगळी करत चालल्या होत्या आणि मला त्याची भीती वाटायला लागली होती.

माझ्या ऑफिसात अल्मोड्याकडचे एक गृहस्थ होते. त्यांच्या बोलण्यात आलं की त्यांच्या गावाजवळ, कटारमलला, सूर्याचं फार जुनं देऊळ आहे, पूर्वाभिमुख, धुक्याच्या वर. मी तिथल्या तिथे रजा टाकली. गाडी घेऊन जायचं आणि ती मी चालवायची, हेही ठरलं. नवऱ्याने गाडी शिकायला तीनदा सुरुवात केली होती आणि तीनदा सोडली होती. आमच्या ओळखीच्या मराठी मंडळींत एकच कल्लोळ उठला. "सत्तरीच्या बाईला थंडीत पहाडात नेतेस? आणि घाटात तू चालवणार?" हा 'तू' ऐकला आणि मी ठरवलं की आता जीव गेला तरी स्टिअरिंग सोडायचं नाही.

धुक्यामुळे मुरादाबादपर्यंत रस्ता असा दिसलाच नाही. उसाने लादलेल्या एका ट्रॅक्टरच्या मागे मी गोगलगाईसारखी चालले होते आणि नवरा खिडकीतून डोकं बाहेर काढून "डावीकडे खड्डा, यार, डावीकडे!" असं ओरडत होता. मागच्या सीटवर सासूबाई मांडीवर दुधाचा रिकामा डबा आणि रुमालात गुंडाळलेलं बोळकं घेऊन बसल्या होत्या. रात्री रामनगरला मुक्काम केला.

दुसऱ्या दिवशी कोसी नदीच्या कडेने जंगल सुरू झालं. दोन्ही बाजूंना सालाची उंच झाडं, रस्त्यावर चिटपाखरू नाही. एका वळणावर मी करकचून ब्रेक मारला. समोर हत्ती. तो रस्त्याच्या मधोमध उभा राहून निवांत बांबू खात होता. नवऱ्याच्या तोंडचं पाणी पळालं. "रिव्हर्स घे," तो पुटपुटला. मी म्हटलं, "मागे दरी आहे. गप्प बसा." तेवढ्यात मागून आवाज आला, "परवा माघी गणपती झाला ना? यंदा मोदक केले नाहीत आपण." मी आरशात पाहिलं. सासूबाई हसत होत्या. वर्षभरानंतर! हत्तीने आणखी चार घास खाल्ले आणि तो जंगलात शिरला. त्याला मी आजही मनातून नमस्कार करते.

पुढे घाट. आम्ही लहानपणापासून घाट पाहिलेली माणसं, मला वाटलं होतं, घाटाचं काय एवढं! पण आपले घाट तास-दीड तासात संपतात. हा संपेचना. पाठ भरून आली, नवरा दोनदा ओकला. समोरून बस आली की मी मोठ्याने शिव्या द्यायची आणि सासूबाई कानावर पदर घ्यायच्या. संध्याकाळी कोसी गावात पोचून मी इंजिन बंद केलं, तेव्हा "घाटात तू चालवणार?" म्हणणारे सगळे मला तिथे हजर हवे होते.

रथसप्तमीला आम्ही उजाडायच्या आत निघालो. गाडी पायथ्याशी राहिली आणि पुढे पायवाट. सासूबाईंचे गुडघे कुरकुरत होते. चार पावलं चालायचं, दगडावर टेकायचं, पुन्हा उठायचं. मी हात पुढे केला तर म्हणाल्या, "धरू नकोस. धरलंस तर मला वाटेल, आपण म्हातारे झालो." वर पोचलो तेव्हा आभाळ फटफटत होतं. मधे मोठं देऊळ आणि त्याला बिलगून लहानलहान देवळांची दाटी. कुठे शिखर ढासळलेलं, कुठे गाभाऱ्यात मूर्तीच नाही. सगळी देवळं थंडीत काकडत सूर्याची वाट बघत असल्यासारखी वाटली.

मी नवऱ्याला म्हटलं, "गोवऱ्या काढा."

नवरा बुटाकडे बघू लागला. "अगं, डिकीत फार वास येत होता. निघतानाच काढून ठेवल्या मी. म्हटलं, पहाडात गाई काय कमी असतात? पाहिजे तेवढ्या मिळतील."

गाई होत्या. पण डोंगरात सरपण भरपूर, तिथे शेण थापतो कोण! शेण सगळं शेतात जातं. हे मला कालच दूध घेताना कळलं होतं. गोवऱ्या आपल्याजवळ आहेत या खात्रीने मी ते ऐकून सोडून दिलं होतं. आता मात्र माझा तोल गेला. दोन दिवसांचं धुकं, घाट, पाठदुखी, सगळं मी त्या देवळांसमोर नवऱ्यावर काढलं. माझा आवाज ऐकून चौकीदार धावत आला. "मॅडम, यहाँ झगडा नहीं, और अंदर आग बिल्कुल नहीं जलेगी."

सासूबाईंनी पदर खोचला. त्या बाहेर पडल्या, आवाराच्या खाली चिडाच्या, म्हणजे पाइनच्या, झाडांकडे गेल्या आणि वाकून ओच्यात काहीतरी भरू लागल्या. चिडाची वाळलेली बोंडं! "सूर्याला काय करायचंय, खाली शेण आहे की लाकूड?" त्या म्हणाल्या. "दूध तापलं पाहिजे. काड्यापेटी आणलीस की तीही राहिली?"

आवाराबाहेरच्या कातळावर तीन दगड मांडले. राळेने भरलेली ती बोंडं अशी भडकली की आमच्या गोवऱ्यांनी लाजावं. समोरच्या डोंगराची कड तांबडी झाली, पिवळी झाली, आणि एकदम सूर्य वर आला. त्याच्याकडे बघवेना. ऊन आधी मोठ्या देवळाच्या शिखराला लागलं, मग उतरत उतरत सासूबाईंच्या कपाळावर आलं. आणि दूध चढलं. काठापर्यंत आलं, थबकलं आणि पूर्वेच्या अंगाने भसाभसा उतू गेलं. मी ओरडलेच. दूध उतू जाताना आनंदाने ओरडणारी बाई चौकीदाराने पहिल्यांदाच पाहिली असावी.

सासूबाईंनी हात जोडले. डोळे मिटले नाहीत, पाणी वाहत होतं तरी सूर्याकडे बघत राहिल्या. मग कमरेची पुडी सोडून चौकीदाराला तिळगूळ दिला, नवऱ्याला दिला, माझ्या हातावर ठेवला. "तिळगुळाचा आज शेवटचा दिवस. घे, आणि आता गोड बोल त्याच्याशी."

मी गोड बोलले. जमलं तेवढं.

उतरताना त्यांनी आपण होऊन माझा हात धरला. अर्ध्या वाटेवर थांबून मागे वळल्या, देवळाकडे नीट पाहिलं आणि नवऱ्याला म्हणाल्या, "पुढच्या वर्षी गोवऱ्या मी मांडीवर घेऊन बसणार आहे. तुझ्या भरवशावर नाही."